न झोंबणारी मोहरी

बुलढाणा जिल्ह्यात मोहरी बघायला कुणी जात नाही. लोक लोणारचं सरोवर बघायला जातात, शेगावला दर्शनाला जातात, फार तर जाता जाता सिंदखेडराजाला थांबतात. मी गेले ती मोहरीसाठी. परत येऊन महिना झाला, केंद्रावरचा अहवाल देऊन झाला, पण त्या पाच दिवसांतलं अहवालात न मावणारं बरंच काही उरलं आहे. ते इथे लिहिते आहे.

आधी माझी ओळख. जन्म आणि शिक्षण पुण्याचं, नोकरी मोहरीची. राजस्थानातल्या एका संशोधन केंद्रावर मी पीक पैदासकार आहे. म्हणजे दोन झाडांचं लग्न लावायचं, त्यांची हजारो पोरं मातीत वाढवायची, त्यातली चार निवडायची, बाकीची टाकून द्यायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असं दहा-बारा वर्षं केलं की एक वाण हाती लागतं. लागलं तर. माझं एक वाण लागण्याच्या बेतात होतं. त्याला अजून नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता. त्याचं वैशिष्ट्य असं की ही मोहरी झोंबत नाही. तेल हलकं निघतं आणि पेंड गाईम्हशींना बेलाशक घालता येते. साध्या मोहरीची पेंड फार झाली तर जनावरांना बाधते, म्हणून या एका गुणासाठी मी माझी उमेदीची वर्षं घातली.

चाचणीसाठी बियाणं दिलेल्या शेतकऱ्यांच्या यादीत बुलढाणा जिल्ह्यातलं जानेफळ होतं. नकाशात जानेफळ शोधताना बोट नैर्ऋत्येला सरकलं आणि दुसरबीडवर थांबलं. तरुण सहकारी जायला तयार होता. मी म्हटलं, मीच जाते.

दुसरबीड विमलचं गाव.

राजस्थानात जाण्याआधी मी नऊ वर्षं विदर्भातल्या एका लहान केंद्रावर होते. विमल तिथे रोजंदारीवर होती. नवरा केंद्राच्या विहिरीवर, ही शेतात. मोहरीची कळी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ती उमलायच्या आत उघडायची, आतले सहा पुंकेसर चिमट्यानं काढायचे, मधल्या दांडीला धक्का लागू द्यायचा नाही, मग दुसऱ्या झाडाचा पराग लावून वर कागदी पिशवी बांधायची. मी हे पुस्तकात शिकले होते. विमलच्या बोटांना ते कुणी शिकवावंच लागलं नाही. आणि तिची जीभ! प्रयोगशाळेतून निकाल यायला महिने लागत, तोवर आम्ही दोघी बांधावर बसून झाडागणिक दोन दोन दाणे चावून बघत असू. माझं सात-आठ झाडांत तोंड बधिर व्हायचं. विमल पाणी पिऊन पुढे चालू. "हे झोंबते. हे कमी झोंबते. मॅडम, हे पाहा, हे तं मुकं हाय." ते मुकं झाड म्हणजे माझ्या वाणाची पणजी.

बदली झाली तेव्हा विमल म्हणाली, "मलेई घेऊन चला." मी म्हटलं, "तिथं जागा झाली की बोलावते." दोन वर्षं फोन होत राहिले. मग तिचा नंबर लागेना. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

मलकापूर ते चिखली

पहाटे मलकापूरला उतरले आणि बुलढाण्यावरून चिखलीला जाणारी एसटी पकडली. घाट चढताना खिडकीतून गार वारा आला आणि मी मूर्खासारखी पिशवीतून शाल काढायला गेले. शालीबरोबर नमुन्याची पुडी आली, ती फाटली आणि माझं अकरा वर्षांचं संशोधन टणाटण उड्या मारत ड्रायव्हरच्या दिशेने निघालं. घाटाचं वळण आलं तसे दाणे सगळेच्या सगळे डावीकडे, पुढचं वळण आलं तसे उजवीकडे. पुण्यात लोकांनी पाय वर घेऊन बघत बसणं पसंत केलं असतं. इथे अर्धी गाडी वाकली. कंडक्टरनं तिकिटाच्या यंत्राखाली अडकलेले दाणे काढून दिले. शेजारच्या आजीबाईंनी ओंजळभर गोळा केले आणि देता देता त्यातले चार तोंडात टाकले. चावले. माझ्याकडे पाहिलं. परत चावले.

"कायची राई हाय वं बाई? झोंबतच नाई."

मी कौतुकाने सांगितलं की ती मुद्दाम तशी केली आहे, त्यासाठी अकरा वर्षं लागली.

"अकरा वर्सं?" आजीबाईंनी मागच्या सीटवरच्या बाईला हाक मारली. "ऐकलं का वं, इंचू बनवला म्हंते, बिननांगीचा!"

गाडीत हशा झाला. मीही हसले. पण चिखलीला उतरून लॉजवर जाऊन अंघोळ केली तरी ते वाक्य काही अंगावरून गेलं नाही.

संध्याकाळी बाजारात फिरले. तूर आणि सोयाबीनच्या पोत्यांच्या राशी, कापसाच्या गाड्या, मोहरीचं पोतं मात्र एखादंच. इकडे मोहरी शेतभर पेरत नाहीत. गव्हाच्या, हरभऱ्याच्या कडेने दोन तास, म्हणजे दोन ओळी, टाकतात, घरच्या फोडणीला आणि लोणच्याला पुरेल एवढी. राजस्थानात मोहरी म्हणजे तेल. इथे मोहरी म्हणजे चव. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्यात माझी आई काकडीच्या कोशिंबिरीत मोहरी फेटून घालायची. पाट्यावर थेंब थेंब पाणी टाकत ती फेटत असली की आम्ही मुलं स्वयंपाकघराच्या दारातूनच परत फिरायचो, इतकी नाकात चढायची. आई गेल्यावर तशी कोशिंबीर मी कधी खाल्ली नाही. मोहरीच्या शेतात राहून!

जानेफळ

दुसऱ्या दिवशी मेहकरवरून जानेफळला पोचले. ज्यांना बियाणं दिलं होतं ते प्रल्हादभाऊ फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, सडपातळ, डोक्याला रुमाल. फोनवर मोकळं बोलणारा माणूस, पण आज वाटेत एक शब्द बोलेना. शेताशी आल्यावर कारण कळलं.

माझ्या मोहरीचा पट्टा कुणीतरी कंगवा फिरवून अर्धवट सोडून द्यावा तसा दिसत होता. शेंडे खुडलेले, शेंगा ओरबाडलेल्या, मधेच झाडं आडवी. मातीत खुरांचे ठसे.

"रोही," भाऊ म्हणाले. रोही म्हणजे नीलगाय. "तिकडं टेकडावरून येतेत. हरभऱ्यात शिरतेत दरसाल, ते मले ठाऊक हाय. पण मोहरीले तोंड लावत नाईत, म्हणून तं मी तुमची मोहरी कडंनं घेतली. म्हटलं आतला हरभरा वाचंन." त्यांनी रुमाल काढला, परत बांधला. "मॅडम, खोटं कायले सांगू, तुमची मोहरी त्याइले लय आवडली."

"आणि ही?" मी धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, बोट दाखवलं. तिथे गावठी मोहरीची एक रांग उभी होती. उंच, विस्कटलेली, शेंगा बारीक, पैदासकाराच्या नजरेला काहीच न पटणारी. पण शाबूत.

"ते आमची घरची. तिले कोन खाते? एक घास घेतला का पळतेत."

एका शेतावरून निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. वाट कुठली, पाणवठा कुठे, त्या दिवशी कळप कुठून आला, शंभर कारणं असतात. मी ठसे मोजले, फोटो काढले, दोन्हीकडची झाडं तपासली. आणि हे सगळं करत असताना मला आतून कळत होतं की आजीबाईंनी घाटातच निकाल सांगितला होता. झाडानं आपला बचाव म्हणून तो तिखटपणा कमावला होता. मी तो खोड म्हणून काढून टाकला.

मी गावठी शेंग फोडली आणि पाच-सहा दाणे चावले. क्षणभर काही नाही. मग जिभेच्या मुळाशी कडू, आणि एकदम नाकाच्या आत, कपाळापर्यंत. डोळ्यांना धार लागली. कितीतरी वर्षांनी आईच्या स्वयंपाकघराचं दार समोर आलं, आणि ते बंद झालं तेव्हा मी जानेफळच्या धुऱ्यावर नाक पुसत उभी होते.

प्रल्हादभाऊंना वाटलं मी पिकासाठी रडते आहे. ते कासावीस झाले. "मॅडम, चूक माही हाय. चार दिस राखन नाई झाली. पोरीच्या घरी गेलतो."

"भाऊ, तुमची काही चूक नाही. चूक असेल तर माझी आहे."

घरी सुनीताताईंनी, त्यांच्या बायकोने, ज्वारीची भाकर, पातोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाना वाढला. पुण्याला हा पदार्थ माहीतच नाही. कच्चा पाला, कांदा, दाण्याचं कूट, तेल, मीठ, बस. मी तिसऱ्यांदा मागितला तेव्हा त्या हसल्या आणि माझी मोहरी कशी वाटली ते न विचारताच सांगून टाकलं. "ताई, पेरून उरलेली तुमची मोहरी फोडनीत तडतडते चांगली. पण लोनच्यात घातली तं लोनचं झोपूनच राह्यलं."

अहवालात मी हे जसंच्या तसं लिहिलं. रोही, लोणचं, सगळं. उत्तरेतल्या ओलिताखालच्या, तेलाच्या पट्ट्यासाठी माझं वाण पुढे गेलं आहे. तिथे ते उपयोगाचं आहे असं मी आजही मानते. या भागासाठी मात्र शिफारस नको, असं मी माझ्याच हातानं लिहिलं.

दुसरबीड

दुसरबीडच्या रस्त्याला लागलं की रान बदलतं. इकडचे लोक बियाण्याचं पीक घेतात. कांद्याच्या बियाण्याचे वाफे पांढऱ्या गोंड्यांनी भरलेले, आणि मधे मधे हिरव्या जाळीची शेडनेटं, जिथे मिरचीचं क्रॉसिंग, म्हणजे हातानं संकर करणं, चालतं. माझ्याकडे पत्ता नव्हता. फाट्यावरच्या चहावाल्याला म्हटलं, "विमल नावाच्या बाई आहेत, पूर्वी मोहरीच्या केंद्रावर होत्या."

"क्रॉसिंगवाल्या विमलकाकू? हाव, त्या काय, त्या नेटात असतीन. बारा बायांची टोळी हाय त्याइची."

शेडनेटच्या दारात चप्पल काढून आत गेले. जाळीतून हिरवट उजेड. ओळींमध्ये बायका वाकलेल्या, हातात चिमटे, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. अगदी टोकाला एक ठेंगणी बाई डोळ्यांवर चष्मा चढवून एकेक फूल तपासत येत होती. माझ्या पायांचा आवाज ऐकून तिनं मान वर न करता सांगितलं, "तिकून या, इकडच्या वळीले धक्का नका लावू." आणि मग मान वर केली.

ती बघत राहिली. मीही.

"मॅडम," ती म्हणाली, "पांढऱ्या झाल्या तुमी."

एवढंच. तिनं चिमटा कमरेच्या पिशवीत ठेवला, माझा हात धरला, आणि उरलेली ओळ संपेपर्यंत तो सोडला नाही. एका हातानं फुलं तपासत होती, दुसऱ्या हातात माझा हात. बायका बघत होत्या.

तिचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. मुलगा छत्रपती संभाजीनगरला नोकरीला. चहा झाला, कोण कुठे आहे ते सांगून झालं. मग मी कित्येक वर्षं घोकलेलं वाक्य बाहेर काढलं. "विमल, मी तुला बोलावते म्हणाले होते."

"हाव."

"तिथं जागा निघाली होती एकदा. मी प्रयत्न करायला हवा होता. केला नाही."

तिनं कप उचलून ठेवले. "मी दोन वरीस पेटी भरून ठेवली होती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "गरम कपडे घेतले होते. कोनीतरी सांगतलं का तिकडं थंडी लय असते. मंग एका साली ज्वारी चांगली झाली, दाने ठेवाले पेटी लागली, तं रिकामी केली."

काहीतरी द्यावं म्हणून मी पिशवीतून माझ्या मोहरीची उरलेली पुडी काढली. "हे बघ. तुझं ते मुकं झाड. त्याची पोरं ही."

विमलनं दाणे तळहातावर घेतले, बोटानं पसरले, मोठा दाणा, सारखा रंग, सगळं पाहिलं. मग तोंडात टाकले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, जसं पूर्वी बांधावर बसून बघायची.

"काहीच नाई लागत," ती म्हणाली.

"बरोबर! तेच तर हवं होतं."

"तसं नाई, ताई." तिनं मला पहिल्यांदा ताई म्हटलं. "मले आता कायचंच काही नाई लागत. त्या कोरोनाच्या साथीत ताप आला, वास गेला, तो आलाच नाई. भाजी काय, भाकर काय, दूध नासलं तरी मले समजत नाई. सून आली का इचारतो तिले, मीठ बरोबर हाय का म्हणून."

जिच्या जिभेवर माझं सगळं काम उभं होतं तिची जीभ गेली होती, आणि मला ते इतक्या वर्षांत कळलंही नव्हतं. मी डॉक्टरांचं विचारलं. दाखवलं होतं. येईल म्हणाले, वाट पाहा म्हणाले.

जेवायच्या वेळी तिनं डब्यातून मोहरी काढली. गावठी, धुऱ्यावरची. खलबत्त्यात कुटली, वाटीत घेतली, आणि थोडं थोडं पाणी घालत चमच्यानं फेटायला लागली. मी दारात उभी होते ती दोन पावलं मागे झाले. डोळ्यांत पाणी आलं. फेटताना विमलच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तिनं भाकरीचा तुकडा त्यात चांगला बुडवून तोंडात घातला, डोळे मिटले, आणि मान एकदम मागे गेली. नाक लाल झालं. तिनं मोठा श्वास घेतला.

"हे समजते," ती म्हणाली. "वास नाई येत. पन झोंबते. ताई, अख्ख्या दिवसात हे एकच मले समजते."

ती दुसरा घास बुडवत होती. आणि मी दारात उभी राहून विचार करत होते की मी आयुष्यभर नेमकं हेच काढून टाकायला झटले.

मी विचारलं, "आपण तेव्हा जी झोंबणारी झाडं टाकली, त्या रांगांचं बी कधी ठेवलं होतंस का गं?" मला उगाच आशा होती. त्या रांगांत काही झाडं ठेंगणी होती, लवकर येणारी, कमी पाण्याची. या भागाला आज तीच हवी होती, आणि माझ्याकडे त्यांचा दाणाही उरलेला नाही.

"नाई जी," विमल म्हणाली. "तुमीच म्हटलं होतं, फेका. मी फेकलं."

त्या रात्री मी तिच्याकडेच राहिले. सकाळी तिनं धुऱ्यावरच्या मोहरीची एक पुरचुंडी बांधून दिली. उंच, विस्कटलेली, बारीक शेंगांची मोहरी. तिच्यापासून पुन्हा सुरुवात करायची तर दहा-बारा वर्षं. माझी नोकरीची दोन उरली आहेत. पुरचुंडी माझ्या टेबलावर आहे. ऑक्टोबरमध्ये पेरीन म्हणते.

जालना

माझी गाडी जालन्याहून होती. विमल फाट्यापर्यंत सोडायला आली. जीप भरत होती, ड्रायव्हर ओरडत होता, मी चढले, पिशवी मांडीवर घेतली, आणि बघते तर विमल शेजारी येऊन बसली. पायात घरातली चप्पल, हातात काही नाही.

"अगं, तुझं क्रॉसिंग?"

"बाया पाह्यतीन. जालन्यापोतर येतो."

सिंदखेडराजा मागे पडलं. आम्ही दोघी पदर नाकाशी धरून, धूळ खात, खांद्याला खांदा लावून बसलो होतो. केंद्रावरून बाजाराच्या दिवशी परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अशाच बसायचो.

स्टेशनवर गाडी अर्धा तास उशिरा होती. फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली बाकडं मिळालं. जालन्याहून आगगाडीत बसून विमल आयुष्यात कधी कुठे गेली नव्हती. रूळ जिकडे वळतात तिकडे बघत ती म्हणाली, "तुमच्या तिकडं म्हने नजर जाईल तिथंलोक मोहरीच असते."

"हो. जानेवारीत बघशील तर सगळं पिवळं. वाट, बांध काही दिसत नाही."

"आन वास?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती रुळांकडेच बघत होती.

"सांगा ना," ती म्हणाली. "कसा येते?"

मी सांगायला लागले. म्हटलं, सकाळी दव असतं तेव्हा ओल्या गवतासारखा येतो, त्यात जरासा कच्च्या कोबीचा. ऊन तापलं की तो जातो आणि मधासारखा यायला लागतो, पण मध नाही, मधमाशीचं पोळं फोडल्यावर हाताला येतो तसा. दुपारी वारा सुटला की घरात येतो, वाळत घातलेल्या कपड्यांना येतो, उशीला येतो. विमलनं डोळे मिटले होते. ओठ किंचित हलत होते, पूर्वी झाडं मोजताना हलायचे तसे. मी सांगत राहिले. माव्याची कीड पडली की चिकट गुळासारखा, शेंगा भरल्या की हिरवा, तुरट, आणि कापणीच्या वेळी...

लांबून इंजिनचा भोंगा ऐकू आला. हमाल धावले, लोक उठले.

"बोला," विमल डोळे मिटूनच म्हणाली. "कापनीच्या वक्ताले कसा येते?"